ऑर्क वैद्य आणि बुटका तिरंदाज

किस्से ठेवायला जागा लागत नाही, हे एक बरं आहे. नाहीतर आमच्या रविवारच्या टेबलाच्या किश्श्यांसाठी मला बिरवाडीत आणखी एक खोली भाड्याने घ्यावी लागली असती!

टेबल महाडचं, मिलिंद सरांच्या घरातलं. सर शाळेत भूगोल शिकवतात आणि रविवारी आम्हाला खेळवतात. ते गोष्ट सांगतात, आम्ही तिघं त्यातली पात्रं होतो, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. पात्र बनवताना आधी जमात निवडायची, मग पेशा. खेळाच्या पुस्तकाचा सल्ला सरळ असतो. सुळेवाला आडदांड ऑर्क असेल तर लढवय्या करा, चपळ एल्फला धनुष्य द्या, बुटक्याला कुऱ्हाड. आमच्यात हा सल्ला एकानेही ऐकलेला नाही.

मी लातूरहून इथल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आले, तेव्हा ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. दुसरी नोकरी मिळाली की सुटायचं, एवढंच डोक्यात. प्लांटवरचा ऑपरेटर संतोष एकदा म्हणाला, "मॅडम, रविवारी खोलीत बसून काय करता? चला आमच्यासंगं." गेले.

*

संतोष जवळच्या कापडे गावचा. दारातून आत येताना वाकावं लागतं असा देह! त्याने ऑर्क घेतला, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. मग म्हणाला, "पेशा वैद्य."

सर हसायलाच लागले. "अरे, ऑर्क वैद्य? पेशंट बघूनच मरेल!"

"सर, आमच्या गावचा हाडवैद असाच व्हता. हाड बसवताना पेशंटला दाबून कोन धरनार?"

*

मी घेतला बुटका तिरंदाज. पहिलीच लढाई किल्ल्याच्या तटावर. मी बुटक्याच्या ऐटीत म्हटलं, "बाण सोडतो!"

सरांनी शांतपणे विचारलं, "तटाची भिंत तुझ्या डोक्याच्या वर आहे. दिसतंय काय?"

भिंत दिसत होती! माझा चेहरा पडला. तेवढ्यात संतोषने टेबलावर माझी सोंगटी उचलली आणि आपल्या ऑर्कच्या खांद्यावर ठेवली.

"चढा मॅडम. मचान तयार हाय."

बिरवाडीला आल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्याने हसले ती त्या दिवशी.

*

गणेश हिरकणीवाडीचा, गडावर पर्यटकांना फिरवतो. त्याचं पात्र सात फुटी दैत्य, आणि पेशा चोर! "येवढ्या मोठ्या मानसावर कोन संशय घेतो?" हा त्याचा हिशेब.

एकदा आम्हाला शत्रूच्या गडात गुपचूप शिरायचं होतं. दारातच पहारेकरी भेटले. गणेशची सवय उसळून वर आली. "या, या, जवळ या! हा दरवाजा बघा, दोन बुरुजांच्या आड लपवलाय. खालून दिसतो का? नाय दिसत!"

सरांनी कपाळाला हात लावून फासा टाकला. फासा असा पडला की पहारेकरी भाले टाकून त्याच्या मागोमाग चालू लागले! पहिल्याच पायरीवर गणेश वळून म्हणाला, "पानी घेतलंय ना सगळ्यांनी? पुढं चढ हाय."

*

सरांनी आठवडाभर खपून एक राक्षस तयार केला आणि गुहेत बसवला. आम्ही गुहेच्या तोंडाशी पोचलो आणि संतोषने हात आडवा घातला.

"बंदिस्त जागा हाय. परमिट कुठाय? आत हवा तपासली काय? दोर धरून भायेर कोन थांबनार?"

कंपनीत बंद टाकीत उतरण्याआधीचे हेच नियम; मीही तिथलीच, मान डोलावली. दोर कुणी धरायचा यावर संध्याकाळ गेली. शेवटी सर वैतागून म्हणाले, "राक्षस वाट बघून झोपला!"

*

या तिघांनी मला इथे माणसात ठेवलं. त्याचे आभार मानायला गेलं तर तिघंही चहा पुढे करतात.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून नोकरी आली. पगार बरा, बहीणही तिथेच. सोमवारी कळवायचं होतं. रविवारी टेबलावर सांगितलं, तर सर म्हणाले, "मग बुटक्याला थाटात निरोप देऊ."

गोष्टीत झुलता पूल होता आणि मागे शत्रूची फौज. बाकीच्यांनी पलीकडे जायचं, बुटक्याने पुलाच्या तोंडाशी एकट्याने लढत मरायचं. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे. मी थांबतो." गणेश खिडकीबाहेर बघत बसला. पूल ओलांडायचा पहिला फासा सरांनी संतोषपुढे सरकवला.

त्याने उचलला नाही.

"ह्या बुटक्याचा रिलिव्हर कोन?"

सरांना कळेना. मला कळलं. कंपनीत पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, येऊन उभा राहिल्याशिवाय कुणाला आपली जागा सोडता येत नाही.

"रिलिव्हर कुणीच नाही," सर म्हणाले.

"मग त्याला मरता येनार नाय," संतोष म्हणाला. "जागा सोडून जाईल कसा?"

सोमवारी मी पुण्याला फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "नकाराचं कारण काय लिहू?"

"लिहा," मी म्हटलं, "रिलिव्हर मिळाला नाही."