बजरंगची मान

आमची शाळा एकाच खोलीत भरायची, लोहा तालुक्यातल्या खेड्यात. दुपारची एसटी फाट्यावर असतानाच बजरंग कान देऊन सांगायचा, "आज वढ्यात बंद पडती." आणि पडायची! त्यानं नजर लावली म्हणून गुरुजींनी त्याला दोन छड्या दिल्या. शेजारी बसलो म्हणून एक मलाही. पण माझ्या छडीचं सांगत बसलो तर बजरंग राहूनच जाईल.

तर हा बजरंग डिझेल इंजिनं दुरुस्त करता करता नांदेडला बापूसाहेबांच्या शेडमध्ये लागला. बापूसाहेबांचं दुकान पंपांचं, पण जीव सगळा शर्यतीच्या जीपमध्ये. माळावर मातीचा रस्ता आखतात, त्यात उंचवटे, खड्डे, चिखल, आणि त्यातून जीपा पळवतात. शेडमध्ये माणसं तीनच: मालक, जळकोटचा मलप्पा ड्रायव्हर आणि बजरंग. मी आपला हौशीनं शर्यतींना सोबत जायचो. अकरा वर्षं एक रिवाज होता. गाडी रेषेवर उभी राहिली की बापूसाहेब वळून बजरंगकडं बघायचे. बजरंग बॉनेटवर तळहात ठेवायचा, जरा थांबायचा आणि मान हलवायचा. मगच गाडी सुटायची. दोनदा मान हलली नव्हती. दोन्ही वेळा गाडी परत आणली, मालकानं कारणही विचारलं नाही. मी याबद्दल छेडलं की बजरंग म्हणायचा, हुकूम मालकाचा, आपण नुसती मान हलवतो. त्याला खरंच तसं वाटायचं.

सर्वेशला आणायचंही बजरंगनंच सुचवलं. कोल्हापूरच्या शर्यतीत त्यानं पुण्याच्या या इंजिनियरला पाहिलं होतं. बंद पडलेल्या गाडीपाशी हा गडी दहा मिनिटं हात न लावता उभा राहिला, मग एकच नट फिरवला, आणि गाडी चालू. दोन-तीन टीमा त्याच्या मागावर होत्या. नांदेड येईपर्यंत बजरंगनं बापूसाहेबांचं डोकं खाल्लं, की काही करा पण हा माणूस आणा.

सर्वेशचा निरोप आला. पगाराबद्दल, राहण्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, अट एकच होती. बापूसाहेबांनी ती शेडमध्ये मोबाइलवरून वाचून दाखवली: गाडीच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा राहील.

"देऊ का?" त्यांनी विचारलं.

"द्या की मालक, त्यात काय," बजरंग म्हणाला.

जेवताना त्यानं ही खुशखबर बायकोला सांगितली. केवळाबाई सहा भावांची बहीण. कोणाच्या वाटणीतलं काय गेलं, हे तिला लवकर कळतं. ती म्हणाली, "मालकाचा शब्द व्हय तो? अवं, तुमची मान दिली की तुम्ही." बजरंगनं मोडलेला भाकरीचा तुकडा तसाच ताटात राहिला.

सर्वेश आला. माणूस भला, हे मी सांगतो, त्याच्या हातचा चहा प्यालोय मी. बजरंगला काका म्हणायचा, त्याचं एकही काम काढून घेतलं नाही. पहिली शर्यत नांदेडजवळच होती. गाडी रेषेवर आली. बापूसाहेब वळले ते सर्वेशकडं. त्यानं अंगठा वर केला आणि गाडी सुटली. नेमकी त्याच वेळी बजरंगची मान सवयीनं हलली. ती माझ्याशिवाय कुणी पाहिली नाही.

गाडी पहिली आली. मी असा नाचलो की धोतर सावरता सावरता पुरेवाट झाली. बजरंगनं पेढा घेतला, खाल्ला. गोड हाय ना, मी विचारलं. "असंल," म्हणाला.

राग नाही, रुसवा नाही. वेळेवर यायचा, विचारलेलं सांगायचा, आपणहून काही बोलायचा नाही. मी त्याला शाळेतल्या गोष्टी सांगून पाहिल्या, ज्यांवर तो पोट धरून हसायचा त्याच. तो ऐकून घ्यायचा. "बजरंगअण्णा, तुमचंबी इंजिन वढ्यात बंद पडलं का?" असं मलप्पा चिडवायचा. त्यावर हा त्याला पाना द्यायचा, कारण त्यानं आधी पाना मागितलेला असायचा.

मग लातूरची शर्यत आली. सर्वेश बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेलेला. गाडी रेषेवर उभी राहिल्यावर मलप्पा म्हणाला, स्टिअरिंग डावीकडं जड लागतंय. सर्वेशचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. बापूसाहेब जुन्या सवयीनं वळले. बजरंगनं वाकून चाक एकदा हलवून पाहिलं, बॉनेटवर तळहात ठेवला. आम्ही सगळे त्याच्या मानेकडं बघत होतो. ती हो म्हणून हलली नाही, नाही म्हणूनही हलली नाही.

"बजरंग, सोडू का?" बापूसाहेबांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा तोंडानं विचारलं.

"सर्वेश सायबाला इचारा."

निशाण पडलं. बाकीच्या गाड्या गेल्या. त्यांची धूळ आमच्या अंगावर बसली.

परतताना मी त्याला विचारलं, अरे झालं काय तुला? तो म्हणाला, "मांडी घालून लई वेळ बसल्यावर पाय कसा आपला वाटत न्हाई? तसं हाय." मी म्हटलं, पायाला मुंग्या तरी येतात. तो म्हणाला, त्या येऊन गेल्या.

लग्नाहून परतल्यावर सर्वेशनं शेडमध्ये गाडी खोलली. स्टिअरिंगच्या सांध्यात वाळलेल्या चिखलाचा गोळा अडकला होता, दोन मिनिटांचं काम. त्यानं विचारलं, "काका, तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

सर्वेशनं हात पुसले. मग आत जाऊन बापूसाहेबांशी बोलला. थोड्या वेळानं बापूसाहेब बाहेर आले.

"सर्वेश म्हणतो, गाडी सुटताना शब्द पुन्हा तुझा. देऊ का?"

बजरंग पाना पुसत होता. "तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला, आणि पाना भिंतीवरच्या खिळ्याला टांगला.