कारण मोठ्यानं सांगा

दूध तापायलाही लागलं नव्हतं. घरमालकीणबाईंनी पुढं होऊन शेगडी बंद केली. शेगडी आमची. सिलेंडर आमचा. घर त्यांचं.

राजापेठेतल्या दोन खोल्या. सकाळीच सामान उतरवलं होतं. नव्या घरात दूध उतू घालतात, म्हणून मी पातेलं ठेवलं आणि आईनं शालीतून फोटो काढला. बुद्ध आणि बाबासाहेब, एकाच चौकटीत. भिंतीवर आधीच्या भाडेकरूचा खिळा होता. आई तिथं फोटो धरून पाहत होती, तेवढ्यात बाई दारात आल्या.

माझं आडनाव आमच्याकडच्या पाटलांतही आहे. त्या आपल्या मनानं काय ते धरून चालल्या होत्या. मला कोणी विचारलं नव्हतं.

"थांब बाई," त्या म्हणाल्या. "आमच्या पुतण्याची बदली झाली. तो राहाले येऊन राहिला इथं."

"कधी ठरलं, काकू?"

"आत्ताच."

मागून त्यांचे यजमान, काकाजी आले. माणूस व्यवहारी. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "माह्यं काही नाही, ताई. शेजारपाजार पाहावं लागते. फोटो कपाटात ठेवा. जयंतीले दारात रोषणाई नका करू. भाड्याचं पाहून घेऊ कमीजास्त."

मी दर्यापूरच्या बाजारात आईसोबत बांगड्या विकत वाढले. आज अमरावतीत माझं कटलरीचं दुकान आहे. भाव पाडायला बसले की ठोक व्यापारी घामाघूम होतात. काकाजींनी भाव काढला आणि माझं डोकं सवयीनं चालू लागलं. आईचं डायलिसिस. तिथून दवाखाना पायी जाण्याजोगा.

मी बोलायच्या आत आई बोलली.

"ठेवू ना बाप्पा कपाटात. काय बिघडते?"

आणि ती फोटो पुन्हा शालीत गुंडाळू लागली.  घडी नीट घालत होती. जिनं उभ्या बाजारात कोणाचं ऐकून घेतलं नाही, ती बाई दोन खोल्यांसाठी बाबासाहेबांवर कापड टाकत होती.

माझं टाळकं सरकलं.

"आई, फोटो इकडे दे."

मग काकाजींकडं वळले. "पुतण्याचं राहू द्या. खरं कारण सांगा. गल्लीत उभं राहून सांगा."

ते हसले. "काहून तमाशा करता, ताई? आमी काही बोललो का तुमाले?"

नव्हतेच बोलले. हीच तर त्यांची हुशारी.

बायपासपलीकडं पत्र्याची खोली मिळाली. तिकडं यायला ऑटोवाले नाही म्हणत. पावसात आईच्या डायलिसिसच्या फेऱ्या चुकल्या. त्याच पत्र्याखाली ती गेली. वर खिळ्यावर फोटो होता, उघडा. नातेवाईक म्हणाले, तू जरा नमतं घेतलं असतं तर. मला विचारतात. काकाजींना कोणी विचारत नाही.

म्हणून मी विचारते. रविवारी दुकानाला कुलूप लावते आणि घर शोधणाऱ्यांसोबत जाते. नर्सिंग शिकणारी पारधी मुलगी. नवऱ्याला सोडून आलेली देशमुखांची लेक. अकोल्यालाही जाते. कुठं पुतण्या येतो, कुठं रंगकाम निघतं, कुठं आत्ताच कोणीतरी टोकन देऊन गेलेलं असतं. आम्ही चार-पाच बाया ओट्यासमोर उभ्या राहतो. हलत नाही. कारण तोंडानं सांगण्यापेक्षा किल्ली दिलेली बरी, असं काहींना वाटतं. बहुतेक जण दार लावून घेतात. आम्ही पुन्हा जातो.

काकाजींच्या फाटकावर परत पाटी लागली आहे. खोली भाड्याने देणे आहे. या रविवारी तिथं. सोबत तबस्सुम मॅडम, राजापेठेतच शिकवणी घेतात. काल मला म्हणाल्या, "आपा, थोडं आपण समजून घेऊ. गोश्त नाही शिजवणार म्हणून सांगते ना मी."

मी म्हटलं, काही सांगायचं नाही.

बांगड्यांच्या भावात मी घासाघीस करते. इथं एकच दर. किल्ली द्या, नाहीतर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं कारण द्या.