कम्प्युटरच्या नावाने फाडलेल्या पावत्या

माफ करा मंडळी, हे लिहायला फारच उशीर झाला. नातीने फेसबुक उघडून दिलं तेव्हापासून देवतळे साहेबांबद्दल लिहीन म्हणतो आणि रोज राहून जातं... काही चुकीचं लिहिलं जाईल याचीच धास्ती.

भिलाई मध्य प्रदेशात होती तेव्हाची गोष्ट. तिथल्या पोलाद प्लांटला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअर क्लार्क होतो. शिक्षण आठवीपर्यंत... पार्टची इंग्रजी नावं चुकायची, म्हणून दोनदा मेमो मिळालेला. तिसरा मिळाला की गेटवर ड्युटी, हे सांगून ठेवलं होतं.

मग कम्प्युटर आले. पाच मशीन एका तारेने जोडलेली. माझ्या मशीनला स्वतःची डिस्कच नव्हती, सगळं मधल्या मोठ्या मशीनवरून यायचं. आमच्या ऑपरेटर रेखाताईंनी त्यावर एक छोटं सॉफ्टवेअर टाकलं... दोन अक्षरं दाबली की पार्टचं अख्खं नाव समोर. महिनाभर माझी एकही चूक निघाली नाही.

पण ते उघडलं की आधी एक पाटी यायची. पुण्याच्या कुणा माणसाने इंग्रजीत लिहिलं होतं, वापरा, इतरांना द्या, उपयोगी पडलं तर मनाला येईल तेवढे पैसे पाठवा. रेखाताईंनी अर्थ सांगितला... पैसे तर आम्ही कुणीच पाठवले नव्हते.

आमचे स्टोअर ऑफिसर देवतळे साहेब. एका शनिवारी त्यांनी ती पाटी पाहिली.

"एकट्याच्या मशीनवर असतं तर त्याले वाटलं असतं, आपण द्यावं," ते म्हणाले. "पाच जणांच्या तारेवर टाकलं का ते कोणाचंच नसते. देईन कोण?"

तो माणूस स्वतःच वाटायला सांगतो, असं रेखाताईंनी म्हणून पाहिलं. साहेबांनी सोमवारपर्यंत काढायला सांगितलं. मला डोळ्यांसमोर गेट दिसू लागलं...

मला एवढंच कळत होतं की मनाला येईल तेवढं देतात ती वर्गणी. मरोदा वस्तीतल्या आमच्या गणेश मंडळाची वर्गणी मीच गोळा करायचो. जेवणाच्या सुट्टीत सायकलने घरी जाऊन पावतीपुस्तक आणलं, टेबलाटेबलाला फिरलो आणि सॉफ्टवेअरसाठी मंडळाच्या पावत्या फाडल्या. वर गणपतीचं चित्र, खाली माझी सही.

तासाभरात साहेबांनी पुस्तकासकट बोलावलं.

"कावून जी बावणे, गणपती बसवला का कम्प्युटरमंदी?"

मी सगळं सांगितलं. पुस्तक मंडळाचं वापरलं ही चूक झाली, पैसे मात्र मनिऑर्डरने पुण्यालाच जाणार... साहेबांनी एकेक पावती चाळून पाहिली.

"माझी राहिली नं," ते म्हणाले. "फाडा."

सॉफ्टवेअर तारेवर राहिलं. अट एकच, नवा माणूस आला की त्याच्याकडे वर्गणीला मीच जायचं. तिसरा मेमो कधी आला नाही, त्याच खुर्चीवरून मी रिटायर झालो. साहेबांचा प्रश्न मात्र बरोबरच होता... सगळ्यांच्या वस्तूसाठी कुणीतरी एकाने दारोदार फिरावंच लागतं. मला फिरू दिलं, हे त्यांचे उपकार.

साहेब नागपूरला मुलीकडे असतात म्हणे. दोनदा फोन लावला, लागला नाही, तेव्हापासून नको नको ते मनात येतं... कुणाची भेट होत असेल तर लवकर कळवा हो. नुसतं 'बरे आहेत' एवढं लिहिलं तरी पुरे.