तीन वेळा शून्य

मंगळवार, सकाळी सहा. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागची वस्ती. घरं दोनशे चौदा, गल्ल्या नऊ, स्वयंसेवक नऊ, हजर नऊ. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ही नोंद आणि नऊ जणांची यादी आहे.

ही पोस्टिंग फौजेतली नव्हती. हवालदार म्हणून निवृत्त झालो, गारखेड्यात घर बांधलं, वर्षभर पेन्शन घेत बसलो. मग एका संशोधन संस्थेला फील्ड सुपरवायझर हवा होता. अभ्यास असा : कावीळ पसरण्याआधी वस्तीला इशारा देता येतो का, आणि इशारा मिळाल्यावर वस्ती किती वेळात सज्ज होते. मेडिकल युनिटमध्ये बावीस वर्षं मी पाणीच तपासलं होतं. आपलंच काम, असं वाटलं.

फौजेतली पद्धत आधी सांगतो. डोंगरावरच्या आमच्या पोस्टवर नायक वाघमारे टँकर घेऊन यायचा. मी नमुना घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचो. पिवळा रंग आला, तर पाण्यात क्लोरीन आहे. नाही आला, तर रेडिओवर सांगायचं.

"पॉइंट टू, टँक निगेटिव्ह. ओव्हर."

"रॉजर. डंप. आउट."

संपलं. एकदा असा टँकर रिकामा केला आणि शंभरावर जवान चार तास कोरड्या घशानं बसले. कंपनी कमांडरनं मला आणि वाघमारेला भरपूर शिव्या दिल्या. पण पाणी कुणी प्यायलं नाही. एक शून्य पुरेसं होतं.

संस्थेच्या नियमावलीत, पान अकरावर, लिहिलं होतं : सलग तीन नमुन्यांत क्लोरीन शून्य आढळल्यास इशारा द्यावा. जिथं रोज नळ येतो अशा गावात बसून कुणीतरी हे लिहिलं असणार. आमच्या वस्तीत पाणी आठ दिवसांतून एकदा, मंगळवारी. म्हणजे पहिल्या शून्यापासून तिसऱ्यापर्यंत चौदा दिवस. त्यात पाणी आलं की घरोघर मोटार थेट लाईनला लागते. मोटारीनं ओढ बसली की फुटक्या जोडातून गटाराचं पाणी पाइपात शिरतं. हे सगळ्यांना माहीत आहे. मोटार मात्र कुणी बंद करत नाही, कारण शेजारी करत नाही.

पान अकराबद्दल मी संस्थेच्या समन्वयकांना पहिल्याच आठवड्यात फोन केला. नियमावली मंजूर झाली आहे, आता एक शब्द बदलला तरी पुन्हा मंजुरी लागेल, असं ते म्हणाले. मी ईमेल केला. उत्तर आलं : नोंद घेतली. दुसरा ईमेल केला. तेच उत्तर.

चौथ्या गल्लीची स्वयंसेविका प्रणाली, वय चोवीस, वाघमारेची सून. वाघमारे निवृत्तीनंतर याच वस्तीत राहत होता आणि तिला त्यानंच माझ्याकडे आणलं. "साब, पोरगी बारावी पास हाय. हिशोबाला पक्की," म्हणाला. खरंच पक्की होती. बाकीच्यांचे फॉर्म मला दोनदा तपासावे लागायचे, तिचे एकदाही नाही. तिला पाचवा महिना चालू होता, म्हणून मी तिला निम्मी घरं दिली. तिनं दुसऱ्या दिवशी वही परत आणली आणि पूर्ण चोवीस घरं मागून घेतली.

तिसऱ्या मंगळवारी सात वाजून पाच मिनिटांनी ती बाटली घेऊन आली. थेंब टाकलेले. पाणी पांढरंच.

"सर, शून्य. आजच सांगू का गल्लीत?"

मी पान अकरा उघडून दाखवलं. हा पहिला नमुना आहे, अजून दोन लागतील, म्हणालो.

"म्हंजे पंधरा दिवस? तवर लोकं काय पितील?"

मी पुन्हा फोन लावला. मधेच इशारा दिला तर आधीची आकडेवारी वाया जाईल, असं उत्तर मिळालं. मी प्रणालीला सांगितलं, थांब. बावीस वर्षं आदेश पाळायची सवय. तिनं फॉर्मवर शून्य लिहून सही केली.

पुढच्या मंगळवारी शून्य. त्याच्या पुढच्या मंगळवारी शून्य. त्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी इशारा दिला. अकरा चाळीसपर्यंत दोनशे चौदा घरांत क्लोरीनच्या बाटल्या पोहोचल्या, पाणी उकळायला सांगून झालं. चौथ्या दिवशी फुटका जोड सापडून दुरुस्त झाला. साडेचार तासांत वस्ती सज्ज, म्हणून समन्वयकांनी माझं अभिनंदन केलं. मी आभार मानले नाहीत.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत चौथ्या गल्लीत सात जणांना कावीळ झाली. सातवी प्रणाली. ती विश्रांतीला दौलताबादला माहेरी गेली होती, तिथून तिला दवाखान्यात आणलं. गरोदरपणात ही कावीळ कशी वागते ते मी फौजेच्या कोर्समध्ये शिकलो होतो, त्यामुळे डॉक्टरांना काही विचारलं नाही.

बाहेर बाकावर वाघमारे बसला होता. मला एकच गोष्ट कळत नव्हती. त्याच्या घरी पाणी पहिल्यापासून उकळूनच पीत होते. मी स्वतः पाहिलं होतं.

"घरी उकळूनच पीत होती, साब," तो म्हणाला. "बाहेर पीत होती."

"बाहेर कुठं?"

"जिथं बाटली भरायला जायची तिथं. चोवीस घरं. लोकं म्हणायची, बस बाई, पाणी पी. ती प्यायची."

"शून्य तिनंच लिहिलं होतं, वाघमारे. तिला माहीत होतं."

त्यानं हातातली टोपी दुमडली.

"साब, माझ्या आज्याला ह्याच जिल्ह्यात वरून ओंजळीत पाणी ओतायचे. आता तिला घरात बसवून हातात पेला देत्यात. ती नाय कसं म्हणंल? तुमचा इशारा असता तर म्हणली असती. सर्कारी नियम हाय, पिऊ नका, मी बी पीत नाय, असं म्हणता आलं असतं तिला."

 

शुक्रवारी दुपारी तीन वीसला प्रणाली गेली. बाळही गेलं.

दोन महिन्यांनी अहवाल आला. अभ्यासक्षेत्रातील मृत्यू : शून्य. मी फोन केला. आधार कार्डावर तिचा पत्ता दौलताबादचा होता, आजारीही ती तिथंच पडली, त्यामुळे ती अभ्यासक्षेत्रात येत नाही, असं सांगण्यात आलं. फौजेत माणूस ज्या युनिटच्या रोलवर, म्हणजे हजेरीपटावर, त्या युनिटचा. पडला कुठंही तरी, हे मी त्यांना सांगितलं. नोंद घेतली, म्हणाले. माझे दोन ईमेल आणि तिच्या सहीचे तिन्ही फॉर्म मी पुन्हा पाठवले. पान अकरा पुढच्या आवृत्तीत विचारात घेऊ, असं कळवण्यात आलं. तिच्याबद्दल ओळ नव्हती.

मी नोकरी सोडली, वस्ती सोडली नाही. बाकीचे आठ स्वयंसेवकही स्वतःहून येत राहिले. औषधाच्या बाटल्या आता पेन्शनमधून आणतो. नियम एकच : पहिल्या शून्याला गल्लीत शिट्टी वाजते. चौथी गल्ली वाघमारे बघतो. त्यानं पहिल्याच दिवशी स्वतःची मोटार लाईनवरून काढून माझ्यासमोर ठेवली. शेजाऱ्यांनी अजून काढलेली नाही.

दर मंगळवारी सकाळी सहाला मी रोल घेतो. यादी तीच, पहिल्या पानावरची, मी बदललेली नाही. चौथं नाव पुकारतो : वाघमारे प्रणाली.  मग मी लिहितो : रोलवर नऊ, हजर आठ, ड्यूटीवर मृत्यू एक. वाघमारेचं नाव खाली वेगळ्या ओळीत, तिच्या बदली.

मग नळ येतो.