रिटमाइस्टरची घोडी

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वासुदेव आगाशे स्टुटगार्टच्या एका उपनगरातल्या छोट्या म्युझियममध्ये काचेच्या पेटीत रस्ता बसवत होता. रस्ता वीतभर लांबीचा, १८७० सालच्या फ्रान्समधला. त्याचा चिखल वासुदेवने कॉफीच्या चोथ्यात डिंक कालवून केला होता. त्यावर उभी राहायची घोडी आणि तिच्यावरचा स्वार मात्र मुक्ताने केला होता, आणि तिकडे बघायचं तो टाळत होता.

स्वार म्हणजे आउगुस्ट हाल्डर, रिटमाइस्टर, घोडदळातला कॅप्टन. इथल्याच खाणावळवाल्याचा मुलगा. सतराव्या वर्षी साधा शिपाई म्हणून घोडदळात शिरला आणि चाळिशीच्या आत अधिकारी झाला. खानदानी सहकारी त्याच्या पंगतीला बसत नसत. इथलं राज्य तेव्हा वेगळं होतं; १८६६ साली तो प्रशियाविरुद्ध लढला, चार वर्षांनी प्रशियाच्याच बाजूने फ्रान्समध्ये. तिथे तोफेचा गोळा समोर फुटला. घोडी मागच्या पायांवर उभी राहिली, तुकडे तिने छातीवर घेतले आणि हाल्डर वाचला. पुढे निवृत्तीपर्यंत तो सैन्यासाठी घोडे पारखत, विकत घेत हिंडला. चौसष्टाव्या वर्षी घरी, अंथरुणात वारला.

ही हकीकत २००१ पासून पाच वर्षं वासुदेव सांगत आला होता. गिअरबॉक्सच्या एका कारखान्यात तो कंत्राटी इंजिनिअर; महिन्यातून एका शनिवारी म्युझियमची फ्यूरुंग करायचा, म्हणजे पाहुण्यांना हिंडवून माहिती द्यायचा. त्याचं जर्मन वर्कशॉपमधलं, पण हाल्डरपाशी आला की माणसं हलत नसत. उद्या नवी पेटी खुली होणार होती. उद्याची फ्यूरुंग कोणाची, हे म्युझियमचे प्रमुख आइझेले आज सांगणार होते.

मुक्ता विद्यापीठात पीएच.डी. करत होती. मूळची पेणची, घरी गणपतींचा कारखाना. येऊन आठ महिने झाले नाहीत तोच आइझेले तिच्याशी अरे-तुरेवर आले होते, आणि तीही त्यांना 'डू', म्हणजे 'तू' म्हणत होती. वासुदेव अजून 'हेर आगाशे', म्हणजे श्रीयुत आगाशेच होता. कंपनीत धाकट्यांना मिळालेल्या बढत्याही त्याला एवढ्या झोंबल्या नव्हत्या.

आइझेले आले, मागोमाग मुक्ता. वासुदेवने ब्रश खाली ठेवला. आठवडाभर त्याने हे राखून ठेवलं होतं.

"घोडी चुकलीय," तो जर्मनमध्ये म्हणाला. "पुतळ्यात पुढचे दोन्ही पाय वर, म्हणजे स्वार रणात पडला. हाल्डर अंथरुणात गेला. चारही पाय जमिनीवर हवेत."

"असं कोण म्हणतं?" आइझेलेंनी विचारलं.

"सगळ्यांना माहीत असतं."

"मला नाही. हे बघा, आमच्याकडे घोडा शिल्पकाराला जमेल तसा उभा राहतो."

मुक्ता हळूच मराठीत म्हणाली, "काका, ते आपल्याकडे शाळेच्या सहलीत सांगतात. इथे तसा नियम नाही. आपल्याकडचे पुतळेसुद्धा तो पाळत नाहीत."

"मग पाय वर केलेस कशाला?"

"अहो, घोडी उभी राहिली असं तुम्हीच सांगता ना? मी किती वेळा आलेय तुमच्या फ्यूरुंगला! ते सांगताना तुम्ही दोन्ही हात असे वर नेता. तेच केलं मी."

वासुदेवने पहिल्यांदा घोडीकडे नीट पाहिलं. मान मागे, नाकपुड्या फुगलेल्या, स्वाराचा एक पाय रिकिबीतून निसटलेला. रिकिबीचं तो कधी बोललाच नव्हता. बोलायला हवं होतं. त्याच्याच तोंडून ऐकून पोरीने त्याच्यापेक्षा जास्त पाहिलं होतं. तिच्या कामात खोट निघाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. आता तीही सोय उरली नव्हती.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मराठी संभाषण संपलंसं पाहून आइझेले म्हणाले. "उद्या मुक्ता सांगेल. हेर आगाशे, तुम्ही पुढच्या महिन्यात."

"याल ना, काका? रिकिबीचं अंदाजाने केलंय. चुकलं तर टोका."

"टोकेन की. सगळ्यांसमोर."

मुक्ता हसली. तो हसला नाही. घोडी जागेवर बसवून तो मागच्या खुरांभोवती चिखल लिंपू लागला. त्यातला एक खूर त्याने पार बुजवून टाकला. मग बोटाने पुसून पुन्हा मोकळा केला.

दाराशी खिळ्याला केरवोखंची पाटी होती. झाडलोटीचा आठवडा इथे पाळीपाळीने फिरतो, म्युझियमच्या मंडळींनाही तो चुकत नाही. या आठवड्याची पाटी आगाशेंच्या नावाची होती.

शनिवारी म्युझियम अकराला उघडतं आणि फ्यूरुंग सव्वाअकराला सुरू होते. पुढच्या पायऱ्या त्याआधी झाडून व्हायला लागतात.