पर्सीसाठी थांबणारी पेटी

चूक विल्फ टॅपिंगचीच होती, आणि ती त्यानं शनिवारी भर दुपारी, बाजारचौकात, अख्ख्या वॉर्डनबरी गावादेखत केली. मॉरिस या जुन्या इंग्रजी लोकनाचाची सहा माणसं पांढऱ्या कपड्यांत, पिंढऱ्यांना घुंगरांचे पट्टे बांधून, रुमाल उडवत शेवटच्या गिरकीला वर उसळली; आणि नेहमीच्या पायरीवर बसून अकॉर्डियनसारखी बटणपेटी वाजवणाऱ्या विल्फनं नेमका तिथंच सूर लांबवला. उडालेला माणूस सुरासाठी हवेत थांबत नाही. पाय आधी टेकले, सूर मागून आला, आणि नवखा कॅलम तोल जाऊन थेट चर्चच्या बायकांच्या चहाच्या टेबलावर जाऊन बसला. सायीचं भांडं त्याच्या मांडीत.

"लोकहो, हीच आपली शेकडो वर्षांची चाल!" निवेदकानं भोंग्यावरून वेळ मारून नेली. जुन्या इंग्लंडच्या आठवणींचा तो दोन दिवसांचा उत्सव. तिथं कशालाही जुनं म्हटलं की लोक टाळ्या पिटतात. पिटल्या.

खरं तर ती चाल अकराच वर्षांची होती, आणि तिचं मूळ पर्सी यॅपच्या डाव्या गुडघ्यात होतं. सहाव्या जागेवर नाचणाऱ्या पर्सीला उडी घ्यायला अर्धी मात्रा उशीर व्हायचा. विल्फनं एकदा ती त्याला काढून दिली, मग दर वेळी देत गेला. दोघंही त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. वॉर्डनबरीतल्या पुरुषांच्या मानानं एवढा जिव्हाळाही जरा जास्तच. नोव्हेंबरात पर्सी गेला. हिवाळ्यातल्या तालमीत चाल पुन्हा जलद करायचं ठरलं, तेव्हा विल्फनंही मान डोलावली होती.

"तुला झालं तरी काय?" डेस्मंड पर्किसनं विचारलं. तो टोळीचा म्होरक्या, उभी हयात घरोघर टपाल वाटलेला माणूस.

"घुंगरू ऐकू आले."

"अरे बाबा, बारा पायांना बांधलेत. येणारच ऐकू."

"मागून आले. अर्धी मात्रा मागून."

डेस्मंडनं रुमालाची घडी घातली. मग म्हणाला, "हे बघ विल्फ, माझा तुझ्यावर राग नाही. पण पोराचा पार पचका झाला. उद्या पुन्हा थांबलास, तर यापुढं टॅम्सिन वाजवेल. तू आपला खुर्चीत बसून केक खा."

टॅम्सिन व्हायोलिन वाजवायची. छान वाजवायची, हेच तर दुखणं होतं.

विल्फ एकाहत्तर वर्षांचा. बस आगारातल्या इंजिनांखाली जन्म गेला, घरात एकटा. त्याच्या आठवड्याला वार एकच होता, तालमीचा मंगळवार. बाकीचे सहा दिवस नुसते त्याच्या रांगेत उभे असत. ती पायरी गेली, तर मंगळवारही त्यांच्यातच जाऊन उभा राहणार होता.

रविवारी कॅलमचा घोटा सुजून भोपळ्याएवढा.

"पाचच आहोत. जागा रिकामी सोडा," डेस्मंड म्हणाला.

माणूस कमी पडला की मॉरिसवाले असंच करतात. पाच जण नाचतात, आणि सहाव्या जागेला तिथं कुणी असल्यासारखेच वळसे घालतात. त्या जागेला ते भूत म्हणतात. एरवी त्यावर कुणीतरी फालतू विनोद करतोच. त्या दिवशी कुणी केला नाही.

लख्ख ऊन होतं. माथ्यावर रंगीत पताका, चौकात जुन्या मोटारी, पोरांच्या तोंडांना साखर. विल्फनं पेटी उघडली. पहिले दोन फेरे बिनबोभाट गेले. तिसऱ्यात घुंगरू आले. पाच जणांचे पाय पडले, झण्ण. आणि त्यामागून, सहाव्या जागेच्या मोकळ्या दगडांवरून, एक बारीकसं छन्न. विल्फनं वर पाहिलं. कुणीच नाही. पण डेस्मंड त्या जागेवरून जाताना खांदा आखडून गेला, वाट दिल्यासारखा.

शेवटची गिरकी आली. बोटं आपोआप लांबायला लागली. अकरा वर्षांची सवय, ती काय डोक्याला विचारते? टॅम्सिन बाजूला व्हायोलिन धरून उभी होती, पाहत.

विल्फनं दात आवळले आणि पेटी दाबली. थांबला नाही.

पाचही जण सुरावर उतरले, एका ठोक्यात. मागचं छन्न एक मात्रा मागं पडलं, मग दोन, मग चर्चच्या कोपऱ्यापाशी कुठंतरी, आणि मग टाळ्यांत विल्फला काहीच ऐकू आलं नाही.

"हे असं वाजवायचं!" डेस्मंडनं त्याची पाठ थोपटली. "मंगळवारी ये वेळेवर." पायरी वाचली.

गर्दी पांगल्यावर बाकावरून एनिड उठून आली. पर्सीची बायको.

"आज नाही थांबलास," ती म्हणाली.

विल्फ पेटीचा पट्टा बांधत राहिला. "तुला कळलं?"

"त्याला कळायचं. दर उत्सवानंतर घरी येऊन बूट काढताना म्हणायचा, आजही थांबला गं माझ्यासाठी, येडा कुठला." तिनं नाक पुसलं. "तुझं आज बरोबरच होतं. पण गुरुवारी घरी ये. एकदा त्याच्या चालीनं वाजवून दाखव मला. तेवढं तरी देणं लागतोसच ना?"

"येतो," विल्फ म्हणाला.

त्याला तीन गुरुवार झाले. विल्फ मंगळवारी वेळेवर जातो, जलद वाजवतो, चुकत नाही. पाव आणायला मात्र हल्ली लांबचा रस्ता धरतो, कारण जवळच्या रस्त्यावर एनिडचं घर आहे. ती समजून घेईल, हे त्याला ठाऊक आहे. पण तिच्या बैठकीत तो सूर लांबवायचा, आणि मग त्या अर्ध्या मात्रेत काय ऐकू येईल? किंवा, त्याहून वाईट, काहीच येणार नाही.

ती चाल अजून द्यायची राहिली आहे.