हेर अहो

तुम्हीच सांगा, दुकानदारानं विश्वास ठेवायचा तरी कोणावर? कोलोनमध्ये किराणा दुकान काढल्यापासून माझा एकच नियम: गल्ल्यावर मी, नाहीतर बायको. सख्ख्या मेव्हण्यालाही तिथे टेकू दिलं नाही. तो अजून रुसलेला आहे! बाकी दुकानात किस्से आपोआप होतात, तांदळात किडे होतात तसे. हे सगळे आमच्या लेकीचे, रेवाचे.

*

जर्मन मी गिऱ्हाइकांकडून शिकलो. म्हणजे भाव करताना फर्डा, पुढे आनंद! रेवा युनिव्हर्सिटीत गेली आणि घरात सारखं 'माइन फ्रॉइंट योनास' सुरू झालं. फ्रॉइंट म्हणजे मित्र. मी गावभर कौतुक सांगायचो, "पोरीला मित्र फार अभ्यासू मिळालाय!"

शेवटी कांबळेसर, आमचं जुनं गिऱ्हाईक, बॉनला संशोधन करतात, तूरडाळ घेता घेता म्हणाले, "शेठ, नुसता मित्र असेल तर 'आइन फ्रॉइंट', एक मित्र. 'माइन', म्हणजे 'माझा' म्हटलं, की प्रियकर. विषय संपला!"

धावत घरी जाऊन सांगितलं. बायको, सुलभा, पोळी उलटत म्हणाली, "तुम्हाला आज कळलं?"

*

मग योनासला रविवारी जेवायला बोलावलं. आदल्या दिवशी दुकानात एक उंच, लाजाळू जर्मन पोरगा आला. "मैत्रिणीच्या वडिलांना पहिल्यांदा भेटायचंय. भारतीय आहेत. काय नेऊ?"

कोलोनमध्ये भारतीय बाप काय थोडे आहेत? मी सगळ्यात महागडी काजूकतली काढली. वर सल्ला फुकट: "बाप बोलेल ते मान खाली घालून ऐकायचं. आणि मग मुलगी सांगेल तसं करायचं!"

रविवारी बेल वाजली. दारात तोच पोरगा, हातात माझीच काजूकतली! रेवानं त्याला 'बाबांचं दुकान आहे' एवढंच सांगितलं होतं. कुठलं, ते नाही.

*

इथे 'झी' म्हणजे आपलं अहो-जाहो, आणि 'डू' म्हणजे अरे-तुरे. 'डू'वर यायचं की नाही, ते वयानं मोठ्या माणसानं ठरवायचं. सुलभानं पहिल्या पोळीलाच 'डू' केलं. मी 'झी'वर ठाम!

पोरगा मात्र अदबशीर, प्रत्येक वाक्याला 'हेर', म्हणजे आपलं श्रीयुत. "भाजी छान आहे, हेर अहो." "थोडं पाणी, हेर अहो?"

रेवानं शेवटी त्याला विचारलं, हे 'हेर अहो' काय आहे? तो गोंधळला. "यांचं नावच अहो ना? तुझी आई तेच म्हणते!"

रेवा हसून खुर्चीवरून पडायची राहिली. सुलभा तिला म्हणाली, "सांगू नकोस त्याला. मी इतक्या वर्षांत नाव घेतलं नाही, त्यानं तरी कशाला घ्यावं?"

*

पुढे रेवाला बॉनला नोकरी लागली. एका संध्याकाळी म्हणाली, "बाबा, मी आणि योनास तिकडे एकत्र राहणार. लग्नाचं नंतर बघू."

मी ताट बाजूला सारलं. योनासला दुकानात बोलावून घेतलं. "आधी लग्न, मग घर. तोवर माझ्या दुकानाची पायरी चढू नका!"

त्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ऐकलं, हेर अहो. आता रेवा सांगेल तसं करतो."

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"तुम्हीच. काजूकतलीबरोबर!"

एरवी मी खो खो हसलो असतो. पण पोरगी खरंच गेली. तिचा फोन आला की मी सुलभाकडे द्यायचो आणि दुसऱ्या खोलीतून कान लावून ऐकायचो.

*

दिवाळीच्या आदल्या शनिवारी सुलभाची कंबर धरली, आणि दुकानात ही गर्दी! मी एकटा. अचानक रेवा आत आली, कोट काढला आणि चिवड्याची पाकिटं भरायला लागली. मी तराजू तिच्याकडे सरकवला.

थोड्या वेळानं काचेबाहेर लक्ष गेलं. योनास फुटपाथवर उभा. पाऊस पडतोय, टोपी भिजलीय, पण पायरीवर पाऊल नाही.

"याला आत यायला काय झालं?"

रेवा मान वर न करता म्हणाली, "तुम्हीच सांगितलंय ना. मी म्हटलं, या वेळी बाबांचंच ऐक."

रांगेत दहाबारा गिऱ्हाइकं. मी गल्ल्यावरून उठलो, दार उघडलं आणि ओरडलो, "अरे योनास, ये आत! बस इथे, गल्ल्यावर."

तो माझ्या खुर्चीकडे बघतच राहिला. "मी, हेर अहो?"

"तूच! मी रेवाबरोबर चहा घेऊन येतो. हिशेब मात्र चोख ठेव हं!"